आजोबा नेमके कोणाचे?

कानावर आलंय ते सांगते, पण माझं नाव मध्ये आणू नका. आमच्या सोसायटीत सध्या एका आजोबांची चर्चा जोरात आहे. नातवाला शाळेतून निबंध आला, 'माझे आजोबा'. पोराने विषयाचा फोटो काढून एआयला दिला आणि पाणी पिऊन येईपर्यंत दीड पान हजर! त्यातले आजोबा पहाटे चारला उठतात, पांढरंशुभ्र धोतर नेसतात, वडाच्या पारावर बसून नातवंडांना गोष्टी सांगतात आणि त्यांच्या सुरकुत्यांमध्ये म्हणे अनुभवाचा खजिना दडलेला असतो. खरे आजोबा तेव्हा बाहेरच्या खोलीत बर्म्युडा घालून मोबाईलवर रमी खेळत होते. हयात गेली एसटीत कंडक्टर म्हणून. घाटात बंद पडलेल्या गाडीतल्या रात्रीपासून सुट्या पैशांवरून झालेल्या मारामारीपर्यंत किस्से इतके, की सोसायटीतले लोक त्यांना बघून जिना बदलतात. त्यातला एकही निबंधात नाही. वही हातात पडल्यावर म्हातारा म्हणतो काय, "हा कोण बुवा? माझ्या पेन्शनीत वाटेकरी नाही ना?"

निबंधाला दहापैकी नऊ मिळाले. एक गुण शुद्धलेखनात गेला, कारण उतरवून घेताना पोराने 'सुरकुत्या'च्या 'सुकरुत्या' केल्या. अख्ख्या निबंधात त्याचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच.

आणि हे तर काहीच नाही. पलीकडच्या विंगेतल्या नववीतल्या मुलीने इतिहासाचं उत्तर वहीत उतरवलं. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला, आणि शेवटची ओळ: 'हवे असल्यास हेच उत्तर मी मुद्द्यांच्या स्वरूपात करून देऊ का?' त्याखाली बाईंची लाल शाईत बरोबरची खूण आणि सही! आता नावं कुणाला ठेवायची? बाईंपुढे वह्यांचा ढीग असतो, हे मान्य. पण त्या दिवशी ते उत्तर लिहिणारीने वाचलं नाही आणि तपासणारीनेही नाही. मग वाचलं कुणी? मी! शेजारून डोकावून.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही कुठे धुतल्या तांदळाच्या लागून गेलात? नाहीच मुळी. आम्ही गाईडं पाठ केली, 'अपेक्षित'वर पास झालो. आजचे इंजिनिअर बाप-काका हॉस्टेलवर रात्र रात्र ड्रॉइंगची जीटी मारत बसले आहेत. काचेखाली ट्यूबलाईट, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रेषेवर रेष. शुद्ध चोरी! पण त्या चोरीला मेहनत होती हो. आणि मुख्य म्हणजे गाईड कुठेतरी संपायचं. नेमका सरांनी विचारलेला प्रश्नच त्यात नसायचा. मग अडायचं, मैत्रिणीकडे जायचं, तिच्याशी भांडायचं, ती तरी कुठे बरोबर असायची! त्या भांडणात गणित कळून जायचं, आपल्या नकळत. आताच्या पोरांना कुणी अडूच देत नाही. प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत उत्तर दारात.

शेजारणीचा भाऊ इंजिनिअरिंगला शिकवतो, त्याने सांगितलेलं ऐका. तोंडी परीक्षेत प्रोग्रॅम समोर, अगदी देखणा. याने विचारलं, "हा लूप कुठे थांबतो?" पोरगा म्हणाला, "सर, रन होतोय ना." "होतोय, पण थांबतो कुठे?" पोरगा जराही न गडबडता, "सर, मोबाईल घेऊ का?"

तुम्हाला वाटेल मी तिखटमीठ लावून सांगतेय. लावतेच. पण तुर्कस्तानातलं प्रकरण माझ्या पदरचं नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या शाळेतल्या जवळपास हजार मुलांना गणिताच्या सरावाला बसवलं. काहींना चॅटजीपीटीसारखं यंत्र दिलं, काहींना नुसती पुस्तकं आणि वह्या. यंत्रवाल्यांनी सरावात ४८ टक्के सरस कामगिरी केली. वा वा! मग परीक्षेच्या वेळी यंत्र काढून घेतलं, तर तीच मुलं पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्के मागे. कारण? बहुतेकांनी सरळ उत्तरच मागितलेलं. त्यातली गंमत अशी, की यंत्राचं उत्तर जेमतेम निम्म्या वेळाच बरोबर येत होतं. आणि एवढं होऊन मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलंच नाही! आणखी एक तिसरा गट होता, त्याचं यंत्र उत्तर न देता नुसता इशारा द्यायचं. त्यांचं परीक्षेत नुकसान झालं नाही, पण फार मोठा फायदाही नाही. म्हणजे खडूस मास्तरासारखं वागलं तरच ते निरुपद्रवी. पण तसलं यंत्र कोण डाउनलोड करणार?

अमेरिकेत एमआयटीतही २०२५ मध्ये असाच प्रकार झाला. एआयकडून निबंध लिहून घेतलेल्या बहुतेकांना त्याच निबंधातली एक ओळ धड सांगता येईना. सगळ्या प्रयोगात मिळून माणसं फक्त ५४ होती, तेव्हा फार ताणू नये. मी ताणते, ती गोष्ट वेगळी.

बरं, चोर पकडायलाही सोय नाही. हे लेखन यंत्राचं की माणसाचं ते ओळखणारं साधन ओपनएआयनेच काढलं आणि जुलै २०२३ मध्ये, नेम धड लागत नाही म्हणून स्वतःच गुंडाळलं. भलत्याच पोराला दरडावलं की त्याची आई शाळेत येते, आणि आमच्याकडच्या आया कशा असतात ते मी सांगायला नको. वर २०२५ मध्ये फुकटाचा पाऊस पडला तो निराळाच. जुलैत गूगलने भारतातल्या विद्यार्थ्यांना वर्षभराची महागडी एआय सेवा मोफत देऊ केली, नोव्हेंबरात चॅटजीपीटीनेही आपली एक योजना भारतात वर्षभर फुकट केली. लिफ्टमध्ये त्याचीच चर्चा. कुणाच्या पोराने घेतली, कुणाच्या पोराची मुदत हुकली, आणि हुकली त्याच्या बापाला किती बोलणी बसली.

यावर चीनमध्ये काय केलं माहितेय? जून २०२५ मध्ये तिथल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला, सव्वा कोटीहून जास्त मुलं बसलेली असताना, अलिबाबा, टेन्सेंट वगैरे बड्या कंपन्यांनी प्रश्नाचा फोटो टाकून उत्तर मिळवायची सोय परीक्षेच्या वेळात बंदच ठेवली. ही बातमी मी मोठ्या उत्साहाने खालच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगितली. त्यांची मुलगी यंदा बारावीला आहे. वहिनींनी कपाळाला हात लावला, "बाई गं!" म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "पण प्रिलिमला आणि प्रोजेक्टच्या वेळेला चालू असतं ना?"