ए स्मार्ट!

माजलगावात उसाचा हंगाम सुरू झाला की रस्ता ट्रॅक्टरवाल्यांचा. परवा बसस्टँडसमोर दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर वळत होता. तेवढ्यात मोटारसायकलवरचा एक पोरगा, मान वाकडी करून खांद्यात मोबाइल धरलेला, ट्रॉली आणि एसटी यांच्या फटीतून सुळकन निघाला. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला आणि ओरडला, ‘‘ए स्मार्ट! घरी सांगून आलास का?’’

डिक्शनरीत स्मार्ट म्हणजे चलाख, टापटीप. पण ड्रायव्हरचा अर्थ मुळाच्या जास्त जवळचा. जुन्या इंग्रजीत हा शब्द झोंबणाऱ्या वेदनेचा होता; चलाखी आणि टापटीप त्याला मागाहून चिकटली. माजलगावच्या चौकात तो पुन्हा झोंबायला लागलाय, एवढंच.

‘शहाणा’चं आपण केव्हाच हे करून ठेवलंय. ‘शहाणं माझं बाळ’ ही शाबासकी, ‘लई शाना झालास’ ही कानउघाडणी. त्यात अर्ध्याची भर घातली की झाला दीडशहाणा. आपल्या तालुक्यात पुरुषोत्तमपुरीला अधिक महिन्याची जत्रा भरते. अधिक शहाणपणाला मात्र कुणी नारळ फोडत नाही.

पेशवाईत साडेतीन शहाणे गाजले. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण. नाना फडणवीस अर्धे, कारण तलवारीत कच्चे. त्यातले निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर १० ऑगस्ट १७६३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, राक्षसभुवनच्या लढाईत पडले. अर्धे शहाणे नाना १८००पर्यंत टिकले. पण यातल्या एकानंही ही पदवी स्वतः छापून घेतली नव्हती. ती लोकांनी दिली.

आता उलटं झालंय. २०१५ साली सरकारनं १०० शहरं स्मार्ट करायला घेतली. त्यात माजलगाव नव्हतं, पण शब्द आलाच: स्मार्ट फोन, स्मार्ट मीटर, स्मार्ट क्लास. विशेषण दुसऱ्यानं लावायचं असतं. आपणच आपल्या पाटीवर रंगवलं, की लोक ते ट्रॅक्टरवाल्याच्या आवाजात वाचतात.

तेव्हा कुणी ‘स्मार्ट’ म्हणालं तर थँक्यू म्हणायची घाई करू नका. आधी मागं ट्रॉली तर नाही ना, ते बघा.