सोन्याची कुऱ्हाड आणि सुबाभळीचा बुडखा

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या भाग्यवंताच्या मुखातून प्रथम बाहेर पडली, त्याने आपल्या हयातीत एकही बुडखा खणून काढलेला नसावा, असे माझे पूर्ण विचारांती मत झाले आहे. सोने हा धातू स्वभावतःच मृदू. त्याच्या कुऱ्हाडीने फार तर लोण्याचा गोळा दुभंगेल, आणि लोणी दुभंगण्यास कुऱ्हाड लागत नाही. माझ्या अंगणातील सुबाभळीच्या बुडख्याने तर पोलादाच्या दोन कुऱ्हाडी बोथट केल्या, एका टिकासाचे तोंड फिरवले, आणि माझ्या कंबरेत जी कळ कायमची वस्तीला आणून ठेवली तिला आता कोणत्याही कायद्याने बेदखल करता येईलसे दिसत नाही.

हे झाड मी स्वहस्ते लावले होते, हा कबुलीजबाब आरंभीच देऊन टाकतो. सन १९८४ मध्ये अमरावतीस घर बांधले, तेव्हा सुबाभळीचा जयजयकार चालू होता. सरपण तीच, वैरण तीच, खत तीच. जिच्या अंगणी सुबाभूळ नाही ती गृहिणी दुर्दैवी, अशी एकंदर हवा होती. या झाडाला पूर्वी ‘कुबाभूळ’ असेही म्हणत. पुढे ‘कु’ जाऊन ‘सु’ आला. पण उपसर्ग बदलल्याने स्वभाव बदलत असता तर सुनांची नावे बदलून कितीतरी घरे सुखी झाली असती. मूळची ही मेक्सिकोची रहिवासी. तिकडच्या ओआहाका नगराचे नावच मुळी तिच्या जातकुळीच्या झाडावरून पडले आहे, आणि आमची अमरावती म्हणजे उदुंबरावती, उंबरांची नगरी, असे जाणते लोक सांगतात. एका झाडाच्या गावची लेक दुसऱ्या झाडाच्या गावी नांदायला आली. माहेर इतके तोलामोलाचे असल्यावर तिने सासरी कोणाला भीक घालावी, ही अपेक्षाच चूक होती.

२०२१ च्या वैशाखात वळवाच्या वादळाने तिचा शेंडा मोडून पत्र्यावर आणून टाकला. रीतसर अर्ज केला, परवानगी मिळाली, आणि दोन इसमांनी एका दुपारीत झाड आडवे केले. काम नेटके व्हावे या हौसेने मी त्यांना सांगितले, “अगदी जमिनीलगत कापा, अडखळायला नको.” त्यांनी वीतभर बुडखा ठेवून बाकीचे साफ केले, मजुरी घेतली आणि जाताना बुडख्याकडे असे पाहिले, की पुढे काय वाढून ठेवले आहे ते त्यांना पक्के ठाऊक असावे.

झाड तोडणे आणि झाड काढणे यांतील अंतर वऱ्हाडच्या माणसाला तरी समजावून सांगण्याचे कारण नाही. आमचा प्रांत १८५३ मध्ये निजामाच्या हातून इंग्रजांच्या हवाली झाला. १९०२ मध्ये सालीना पंचवीस लक्ष रुपयांच्या बोलीवर तो कायमच्या पट्ट्याने लिहून घेण्यात आला. कारभार कलेक्टराचा, पोलीस कलेक्टराचे, कापूस मँचेस्टरचा. तरीही जमिनीखाली निजामाची मालकी जिवंत ती जिवंतच, आणि १९३६ मध्ये तिला असा धुमारा फुटला की हैदराबादच्या युवराजांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. खोड गेल्यावर त्र्याऐंशी वर्षांनी! माझ्या बुडख्याने त्र्याऐंशी वर्षे घेतली नाहीत. मृगाच्या पहिल्या सरीनंतर आठव्या दिवशी त्याच्यावर एकवीस धुमारे मोजले, आणि कापले ते श्रावणात एकेचाळीस झाले.

माझी उभी हयात महसूल खात्यात गेली. त्यामुळे प्रत्येक गोष्टीकडे जमिनीच्या हक्काच्या नजरेने पाहण्याची खोड मला जडली आहे. या प्रकरणाची कागदाविना चौकशी करता असे निष्पन्न झाले, की बुडखा हे अंगणातील कूळ असून विदर्भासाठी १९५८ मध्ये जो कूळवहिवाटीचा कायदा झाला त्यातील संरक्षण आपणांस लागू आहे, अशी त्याची दृढ समजूत आहे. कब्जा जुना, वहिवाट अखंड, आणि मालक बेदखलीस उतावीळ. असल्या खटल्यांत मी कुळाच्या बाजूने कितीतरी वेळा शेरा मारलेला. आता मालकाच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची पाळी माझी होती.

मग उपाय सुरू झाले. एका स्नेह्याने हिंग सुचवला. झाडाच्या बुंध्यात हिंग भरला की झाड जळते, ही समजूत सर्वत्र आहे. मी भोके पाडून डबीभर हिंग भरला. चार दिवस अंगणाला फोडणीचा वास येत होता आणि घरातील वरणाला येत नव्हता. हे उलटे वर्तमान सौभाग्यवतींच्या ध्यानी आल्यावर त्या उपायाची चौकशी माझीच झाली. दुसऱ्याने चाणक्याचा दाखला दिला. पायात रुतलेल्या दर्भाची मुळे उपटून चाणक्याने त्यांवर ताक ओतले, अशी आख्यायिका आहे. चाणक्याकडे नंदवंशाचे वैर होते आणि बहुधा गाईही असाव्यात; मी विकतचे ताक ओतले. सुबाभळीने ते उन्हाळ्याचे पथ्यपाणी समजून घेतले आणि अधिकच टवटवीत झाली.

अकोल्याचे आमचे मेहुणे शास्त्राचे माणूस. अकोल्यास कृषी विद्यापीठ आहे आणि अमरावतीस नाही, हा मुद्दा ते कोणत्याही संभाषणात, प्रसंगी श्राद्धाच्या पंगतीतही, तिसऱ्या वाक्याच्या आत आणतात. त्यांनी सोरा भरण्याचा आदेश दिला. त्याने लाकूड लवकर कुजते म्हणे. दुकानदाराने “सोरा कशाला?” असे विचारल्यावर मी “बुडखा उडवायचा आहे” असे बोलून गेलो, आणि सोऱ्यापासून बंदुकीची दारू होते हे त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यानंतर आठवले. रिकाम्या हाताने परतलो. शेवटी मेहुणे स्वतः कुऱ्हाड घेऊन आले. तिसऱ्या घावाला तिचा दांडा मोडला. पाहतो तर दांडा सुबाभळीचा! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे आपण लहानपणापासून ऐकतो. हा एकच दांडा मी असा पाहिला की ज्याने गोतासाठी प्राण दिला.

त्याच सुमारास, जून २०२२ मध्ये, अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची विश्वविक्रमात नोंद झाली. मेहुणे त्याच रस्त्याने परत गेले. पोहोचल्याचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न हाच, “निघाला का हो?” ज्या मुलखात पंचाहत्तर किलोमीटर रस्ता पाच दिवसांत होतो, त्याच मुलखात दोन फूट रुंदीचा बुडखा दुसऱ्या वर्षीही जागच्या जागी असावा, ही गोष्ट मला व्यक्तिशः अपमानास्पद वाटली.

यंत्र आणण्याचेही मनात आले, पण आमच्या फाटकातून यंत्र आत यायचे तर आधी फाटक, मग तुळशीवृंदावन, आणि क्रमाने सौभाग्यवतींची परवानगी काढावी लागली असती. म्हणून २०२४ च्या मे महिन्यात बडनेऱ्याकडचा एक म्हातारा खणकरी आणला. त्याने सब्बल भिंतीला टेकवली, बुडख्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि उकिडवा बसून भेगाळलेल्या काळ्या मातीचे एक ढेकूळ बोटांत चुरण्याचा प्रयत्न केला. ते चुरले नाही.

“सायेब, हे कोनं कापलं?”

“मीच कापवलं. का?”

“मानूसभर खोड ठेवाले पायजे व्हतं. दोर बांधून वढलं असतं, तं त्याच्याच वजनानं ते उपटलं असतं. तुमी तं त्याची मुंडीच उडवली. आता धरता कुठून?”

तीन वर्षांत एवढा शहाणा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, “मग आता?”

“आता त्याले पानी पाजा. काळी माती उन्हाळ्यात गोटा अन् पावसाळ्यात लोंदा. मधात वाफसा येते तवाच ते सोडते. मानूस असो का बुडखा, दारावरून उठवाचं असन तं अगोदर पानी पाजा लागते.”

मे महिन्यात बुडख्याला पाणी घालण्याची कल्पना मी हसण्यावारी नेली आणि त्याला खणण्याचा हुकूम दिला. त्याने मुकाट्याने हातभर अंतरावर चर धरला. ढेकळे धोंड्यासारखी निघत होती. हळूहळू मुळे उघडी पडली. मांडीएवढी, वरून मातकट, घाव बसला की कडेला पिवळसर आणि गाभ्यात तांबूस, तीन वर्षांच्या उपासमारीनंतरही आतून ओली. बारीक तंतूंवर कुठे कुठे मोहरीएवढ्या गाठी होत्या. या गाठींतून ही झाडे हवेतील नत्र जमिनीत साठवतात, हे मेहुण्यांनीच सांगितलेले. म्हणजे हे कूळ चाळीस वर्षे नेमाने खंड भरत होते आणि मी एकदाही पावती दिली नव्हती!

या विचाराने मन हळवे झाले असतानाच एक जाडजूड मूळ विळख्यासारखे वळलेले दिसले. “हे तोडा,” मी म्हणालो. म्हातारा म्हणाला, “सायेब, याच्या आत काई तरी हाय.” मी म्हणालो, “आत काय असणार? तोडा.” आत नळाची नळी होती, आणि ती नळाला पाणी येण्याची वेळ होती. सिंभोऱ्याच्या धरणातून निघालेले अप्पर वर्धेचे पाणी इतका लांबचा प्रवास करून थेट माझ्या खड्ड्यात उतरले. प्लंबर मिळेपर्यंत तास-दीड तास गेला. तोवर बुडखा गळ्याइतक्या पाण्यात, एखाद्या पुण्यवान माणसाने पर्वणी साधावी तसा, स्नान करीत उभा. म्हाताऱ्याने तंबाखू मळली आणि काहीही म्हटले नाही. त्याच्या त्या न बोलण्याची जखम अद्याप बुजलेली नाही.

चौथ्या दिवशी तो पुन्हा आला. माती बोटांत घेतली, चुरली. सब्बल मुळाखाली सरकवली, दोन विटांचा टेकू दिला, आपले हडकुळे वजन टाकले, आणि जुनी दाढ हिरडी सोडते तसा एक ओला, बसका आवाज करून बुडखा कलला. उरलेली मुळे कुऱ्हाडीच्या सात घावांत तुटली. मी अकोल्यास फोन करून ‘निघाला’ एवढाच शब्द उच्चारला. मेहुण्यांनी विचारले, “सोऱ्याने ना?” मी “हो” म्हणालो. नातेसंबंध टिकवायचे असतात.

सुबाभळीच्या बियांचे कवच कठीण असून त्या जमिनीत वर्षानुवर्षे निजून राहतात, ही माहिती मला नंतर मिळाली. खणताना आम्ही त्या वर आणल्या, नळाने पाणी पाजले, आणि मृगाने उरलेले काम केले. परवा मोजदाद केली तेव्हा एकशे बारा रोपे भरली, आणि चार भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्या हद्दीत. त्यांनी अद्याप फिर्याद केलेली नाही. पाला कोवळा आहे. शेळ्यांना बेताने घातला तर चालतो; घोड्याने फार खाल्ला तर आयाळ आणि शेपटी झडते, तेव्हा घोडेवाल्यांनी कृपया येऊ नये. बाकी ज्यांना हवा असेल त्यांनी सकाळी दहाच्या आत यावे. मोबदला काही नाही. मात्र पोते आपले आणावे, आणि रोप मुळासकट उपटावे.