कॅमवाला

डेन्व्हरच्या कॅपिटॉल इमारतीच्या पायऱ्यांवर 'समुद्रसपाटीपासून एक मैल' अशी खूण एक नाही, तीन आहेत. आधी पंधराव्या पायरीवर होती, १९६९ साली अठराव्या पायरीवर गेली, २००३ साली तेराव्यावर उतरली. मोजमाप सुधारत गेलं आणि सरकारने प्रत्येक वेळी निमूटपणे ते मान्य केलं. या शहरात एक जमात मात्र अशी आहे, जिने उंचीचा हिशेब आजवर मान्य केलेला नाही. ती म्हणजे कॅमवाले.

कॅमवाला ओळखायला सोपा. वय पंचावन्नच्या पुढे, गॅरेजचं दार कायम अर्धं वर. आत १९७२ची शेव्हरोले नोव्हा, तिचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं. रोज वापरायची गाडी बाहेर बर्फात कुडकुडते. नोव्हामध्ये ३५० घनइंची, आठ सिलिंडरचं इंजिन. ही गाडी शर्यतीत कधी उतरलेली नाही आणि उतरणारही नाही. ती फार तर चौकातल्या दुकानापर्यंत जाते, दूध आणायला. पण तिच्यात कोणता कॅम घालावा, या प्रश्नावर त्याच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्याची उभारणी झालेली आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनच्या पोटात फिरणारा दांडा. व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे त्याच्यावरचे उंचवटे ठरवतात. कॅटलॉगमध्ये हा काळ अंशांत छापलेला असतो. दूध आणणाऱ्या ३५०ला २०४ अंशांचा कॅम भरपूर झाला. आमचा कॅमवाला २३४च्या पानावर बोट ठेवून बसलेला असतो.

त्याचं तर्कशास्त्र ऐकताना क्षणभर आपणही माना डोलावतो. "हे बघ, इथे हवा विरळ. बरोबर? मग दार जास्त वेळ उघडं ठेवलं, तर जास्त हवा आत येईल. बरोबर?" बरोबर नाही. व्हॉल्व्ह उशिरा मिटला की सावकाश चालणाऱ्या इंजिनात वर येणारा पिस्टन आत घेतलेली हवा आल्या वाटेने परत ढकलतो. समुद्रकाठी हवा मुबलक, थोडी गेली तर कळतही नाही. डेन्व्हरला मुळातच सहावा हिस्सा कमी, त्यातलीही परत पाठवायची! हजार फुटांमागे शेकडा तीन या हिशेबाने ३०० घोड्यांचं इंजिन इथे अडीचशेवर येतं. मोठा कॅम घातला की त्यातलेही काही घोडे सिग्नलला उभ्या उभ्या पेंगायला लागतात. जागे होतात ते मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या पुढे, आणि तोवर दुधाचं दुकान मागे पडलेलं असतं.

खरा उपाय उलटा आहे. कॅम धाकटा घ्या, कॉम्प्रेशन नवाऐवजी दहाच्या घरात न्या, मागच्या एक्सलला जास्त ओढीचा गिअर घाला. विरळ हवेत इंजिन सहजासहजी ठोकत नाही, म्हणून तर कोलोरॅडोच्या पंपांवर ८५ ऑक्टेनचं पेट्रोल 'साधं' म्हणून विकायची पद्धत पडली. हे सगळं कॅमवाल्याला ठाऊक असतं. त्याला ते तोंडपाठ असतं! पण ह्यूस्टनला त्याचा मेव्हणा राहतो. ह्यूस्टन समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नास फूट, आणि मेव्हण्याच्या गाडीत २२४. आता मेव्हण्यापेक्षा धाकटा कॅम घालायचा म्हणजे दिवाळीला, चुकलो, थँक्सगिव्हिंगला तोंड कसं दाखवायचं?

कॅम बनवणाऱ्या कंपन्या फोनवर फुकट सल्ला देतात. समोरचा माणूस गाडीचं वजन विचारतो, गिअर विचारतो, कॉम्प्रेशन विचारतो, गाव किती उंचीवर आहे तेही विचारतो. त्या वेळी कॅमवाला वधूवर सूचक मंडळात मुलाची माहिती भरणाऱ्या बापासारखा बोलतो. वजन दोनशे पौंडांनी उतरतं, कॉम्प्रेशन वाढतं, आणि उंची? "आम्ही तसे पायथ्याशीच आहोत," असं सांगून तो मोकळा होतो. कशाच्या पायथ्याशी, ते गुलदस्त्यात.

गॅरेजच्या भिंतीवर शेव्हरोलेचा इंजिनिअर झोरा आर्कुस-डंटोव्ह याचा फोटो. सप्टेंबर १९५५ मध्ये या गृहस्थाने अजून बाजारात न आलेली १९५६ची शेव्हरोले वेश पालटून कोलोरॅडोतल्याच पाइक्स पीकवर पिटाळली आणि १७ मिनिटं २४ सेकंदांत १४,००० फुटांवरचं शिखर गाठलं. रस्ता तेव्हा मातीचा. फोटोकडे बोट करून कॅमवाला म्हणतो, "कॅम!" डंटोव्हचं नाव लागलेला तो प्रसिद्ध कॅम मात्र या चढाईनंतरचा. त्याच्या जोरावर कॉर्व्हेट ताशी १५० मैलांवर पोचली ती जानेवारी १९५६ मध्ये, डेटोनाच्या वाळूवर, अगदी समुद्राच्या काठाला. हे मी एकदा त्याच्या लक्षात आणून दिलं. त्याने शांतपणे पाना पुसला आणि विचारलं, "तुमच्या देशात चहा उकळतात ना? तो कर."

नवा कॅम बसवला की इंजिन सुरू झाल्या क्षणापासून वीसेक मिनिटं दोन हजार फेऱ्यांवर धरून ठेवावं लागतं, नाहीतर उंचवटे आणि टॅपेट एकमेकांना खाऊन टाकतात. हा विधी नेहमी रविवारी सकाळी सात वाजता होतो. त्या वीस मिनिटांत गल्लीतली कुत्री, तान्ही मुलं आणि सोसायटीचे सेक्रेटरी एका सुरात जागे होतात.

मग तो पाय काढतो आणि इंजिन आयडलला येतं. धड्-धड्, थांब, धड्-धड्-धड्, थांब. आता बंद पडेल, नाही पडलं, आता पडेल. कॅमवाल्याच्या डोळ्यांत पाणी. पैसे खरं म्हणजे या आवाजाचे मोजलेले असतात, ताकदीचे नव्हेत. पुण्यात याचा चुलतभाऊ आहे: बुलेटच्या सायलेन्सरमधली जाळी काढून घेणारा. त्यालाही कुठे लवकर पोचायचं नसतं. आपण निघालो एवढं पेठेला कळलं की झालं.

वर्ष-दीड वर्षात चढावर मिनीव्हॅन मागे टाकून जातात, आणि नोव्हा विकायला निघते. जाहिरातीत लिहिलेलं असतं: 'जबरदस्त कॅम, आवाज ऐकाच.' मोठ्या कॅममुळे आयडलला इंजिनातला व्हॅक्यूम घटतो, उंचीमुळे तो आधीच पाचेक इंच पाऱ्याने कमी असतो, आणि पॉवर ब्रेक चालतो तो याच व्हॅक्यूमवर. म्हणून गाडी घ्यायची तर घ्या, आवाजही ऐका, पण सौदा करण्याआधी उतारावर एकदा ब्रेक दाबून बघा.