तीन अक्षरे, ६४५ कामे

इंग्रजांच्या काटकसरीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. ‘रन’ हा त्यांचा जेमतेम तीन अक्षरांचा शब्द. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले आणि ते लावायला पीटर गिलिव्हर या संपादकांनी नऊ महिने घेतले. (एवढ्या अवधीत इतरांच्या घरी पाळणा हलतो.) १९८९च्या आवृत्तीत पहिला मान ‘सेट’चा होता, त्याला मागे टाकून ‘रन’ पुढे गेला, हे नावाला शोभलेच.

सर्दी झाली की नाक रन, धुताना कपड्याचा रंग रन, दुकान रन, सरकार रन. अमेरिकेत तलम मोज्याचा धागा सुटला तरी मोजा रनच. यांपैकी कोणीही पाय हलवत नाही. तिथला उमेदवार निवडणुकीत रन करतो, ब्रिटनमधला नुसताच स्टँड होतो. निवडून आल्यावर दोघेही बसतातच, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

आमची नम्र सूचना एवढीच, की उरलेल्या क्रियापदांना आता सन्मानाने सेवानिवृत्त करावे. जेवण रन, झोप रन, लग्न रन, घटस्फोट रन. कोण कशातून धावतो आहे, हे ऐकणाऱ्याने चेहऱ्यावरून ओळखावे.

आणि एवढे अर्थ पडून का ठेवायचे? लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये ६५० सदस्य आहेत. प्रत्येकाला एकेक वाटला, तर अर्थहीन असे पाचच उरतील. सध्याच्या मानाने ही सुधारणाच.