चैत्रगौरीपुढे लेफ्ट टॅकल

ऐकलंत का? शिकागोच्या उपनगरांतल्या मराठी घरांत एप्रिल महिन्यात काय काय चालतं, ते तुमच्या कानावर आलं नसेल तर जरा टेका आणि ऐका. 2025 च्या एप्रिलातला शेवटचा शनिवार. नेपरव्हिलमधल्या एका घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. गौर झोपाळ्यात, पुढे कातरलेलं कलिंगड, कैरीची डाळ, वेलदोडा घातलेलं पन्हं, सगळं यथासांग. आणि भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरता भरता यजमानीणबाई म्हणतात कशा, "काही म्हणा वहिनी, दहाव्या नंबरला टाइट एंड घेतला ते मला मुळीच पटलेलं नाही." वहिनींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "नाहीतर काय! घरात एक धडधाकट टाइट एंड असताना! पाच कोटी डॉलरचा करार केलाय ना त्याच्याशी?" शिव शिव! उखाणा राहिला बाजूला. पुरुषमंडळींबद्दल तर बोलायलाच नको, ती गुरुवार संध्याकाळपासून बेसमेंटमधून वर आली नव्हती.

हे सगळं शिकागो बेअर्स नावाच्या अमेरिकन फुटबॉल संघापायी (टाइट एंड म्हणजे त्यातली अडवायची आणि झेलायचीही जागा), आणि सामना एकही नव्हता. होता तो ड्राफ्ट. म्हणजे कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं 32 संघांनी वाटून घ्यायचा तीन दिवसांचा, सात फेऱ्यांचा सोहळा. त्यात आदल्या वर्षी ज्या संघाची सगळ्यात जास्त धूळधाण झाली, त्याला पहिला मान! भांडवलशाहीच्या माहेरघरात हा असा उघड समाजवाद चालतो, आणि कुणी चकार शब्द काढत नाही. आपल्या आयपीएलमध्ये निदान बोली तरी लागते. इथे एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला सांगतात, तू क्लीव्हलंड, तू जॅक्सनव्हिल, चल निघ. 2025 चा सोहळा ग्रीन बेला होता. जेमतेम लाखभर वस्तीचं ते गाव, आणि तीन दिवसांची मिळून गर्दी सहा लाख! त्या आदल्या वर्षी डेट्रॉइटला तर पावणेआठ लाख. बघायला काय मिळतं? एक मनुष्य मंचावर येतो आणि चिठ्ठीवरचं नाव वाचतो.

या प्रकाराचा पायाच मुळी फजितीचा आहे. पहिला ड्राफ्ट 1936 चा, फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात. पहिलं नाव आलं जे बर्वँगर, शिकागो विद्यापीठाचा हिरा. फिलाडेल्फियाने त्याला घेतलं, त्याचे हक्क बेअर्सना देऊन टाकले, पगारावरून बोलणी फिसकटली, आणि पठ्ठ्या व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. तिथून हा खेळ सुरू झाला आणि शहाणपण अजून यायचंय.

ड्राफ्टच्या आधी फेब्रुवारी-मार्चात इंडियानापोलिसला पोरांची जी तपासणी होते, तिच्यापुढे आपला कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणजे अगदी सुसंस्कृत मामला. उंची, वजन, चाळीस यार्ड पळायला किती सेकंद, आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, असेल तर हाताचा पंजा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत किती इंच! 2020 साली जो बरोचा पंजा नऊ इंच भरला, तर तेवढ्यावरून चर्चेला ऊत आला. सिनसिनाटीने त्याला पहिल्याच नंबरला उचललं तो भाग निराळा. टॉम ब्रेडीला तर 2000 साली 198 जण घेऊन झाल्यावर घेतलं. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. मोजपट्टीवाले अजून नोकरीत आहेत.

आणि त्या 2025 च्या ड्राफ्टमधला शिडूर सँडर्सचा किस्सा? डिऑन सँडर्ससारख्या नामवंताचा मुलगा, पहिल्या फेरीत जाणार म्हणून गाजावाजा झालेला. शुक्रवारी फोन वाजला, पलीकडून न्यू ऑर्लिन्सचा कारभारी बोलतोय असं भासवून सांगितलं की तुला घेतोय, पण थोडं थांबावं लागेल. सगळी थाप! अटलांटाच्या एका प्रशिक्षकाच्या मुलाने वडिलांच्या उघड्या आयपॅडवरून नंबर टिपला होता. लीगने संघाला अडीच लाख आणि प्रशिक्षकाला एक लाख डॉलर दंड ठोठावला. सँडर्स बिचारा 144 व्या नंबरला क्लीव्हलंडला लागला, तेही त्यांनी तिसऱ्या फेरीत दुसरा एक क्वार्टरबॅक आधीच घेऊन ठेवल्यावर.

पण दुसऱ्याच्या घरचं कशाला, आपल्याच शिकागोकडे या. इथे जानेवारीपासून प्रत्येक घरात मॉक ड्राफ्ट सुरू होतात, म्हणजे कोणता संघ कुणाला घेईल याचे काल्पनिक तक्ते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी नक्की याच लोकांसाठी करून ठेवली असणार. ऑफिसच्या एक्सेल शीटमध्ये रंग भरून ठेवलेले, हिरवा म्हणजे घ्याच, पिवळा म्हणजे मिळाला तर. आणि हिरव्या रंगात कोण? रनिंग बॅक आणि वाइड रिसीव्हर! पळणारे आणि झेलणारे, ज्यांची छायाचित्रं छापून येतात ते. 2025 साली साऱ्यांचा जीव बॉइसीच्या ॲश्टन जेंटीवर जडला होता. तो सहाव्याच नंबरला लास व्हेगासला गेला आणि दोन घरांत त्या रात्री जेवणं झाली नाहीत म्हणे.

आता मला सांगा, हे लोक 2024 चा हंगाम विसरले कसे? त्या वर्षी बेअर्सनी ड्राफ्टमधला सगळ्यात पहिला नंबर लावून केलेब विल्यम्स घेतला, नवव्या नंबरला रिसीव्हर रोम ओडुन्झे घेतला. डीजे मूर होताच, वर कीनन ॲलन आणला. शृंगार सगळा झाला. अमकीतमकीला चिंता काय, तर केलेब नखांना रंग लावतो! अहो, त्याची आईच नखं रंगवण्याच्या व्यवसायातली, लावू दे की. तुम्ही त्याची नखं बघताय, आणि त्याच्यापुढे उभे कोण आहेत ते बघतच नाही. त्या एका हंगामात केलेबला 68 वेळा चेंडूसकट जमिनीवर लोळवलं, म्हणजे सॅक केलं. अडुसष्ट! संघ ओळीने दहा सामने हरला. ऑफेन्सचा सूत्रधार नोव्हेंबरात घरी गेला, आणि थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षकही. हंगाम अर्धवट असताना मुख्य प्रशिक्षकाला काढण्याची बेअर्सच्या इतिहासातली ती पहिली वेळ. खरं बोलायचं तर त्यातल्या बऱ्याच सॅकचा धनी केलेब स्वतः, चेंडू धरून बसायची त्याला वाईट खोड. पण सगळ्याच्या सगळ्या काही त्याच्या नव्हेत.

क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जण असतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन अंगांना गार्ड, दोन कडांना टॅकल. वजनं सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात. सेंटर चेंडू मागे देतो तेवढाच काय तो त्यांच्यापैकी एकाच्या हाताला लागतो. बाकी कामाचं स्वरूप म्हणजे समोरून धावून येणारे तितकेच आडदांड गडी दोन-तीन सेकंद थोपवून धरायचे. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला आपल्या डावीकडून येणारा दिसत नाही, म्हणून लेफ्ट टॅकलचं मोल अधिक. ही ओळ भुसभुशीत असली, की मागे रिसीव्हर कितीही गुणी असोत, त्यांच्यापर्यंत चेंडू पोचतच नाही. यातली गंमत अशी, की बेअर्सचे कारभारी रायन पोल्स स्वतः बोस्टन कॉलेजकडून याच ओळीत खेळलेले, 2008 मध्ये ड्राफ्टमध्ये कुणी न घेतल्यावर बेअर्सकडेच दाखल झालेले. आणि त्यांच्याच कारकिर्दीत हे अडुसष्ट! नाकापेक्षा मोती जड झाला, दुसरं काय.

पोल्सना अखेर जाग आली. डेट्रॉइटचा ऑफेन्स गाजवलेले बेन जॉन्सन मुख्य प्रशिक्षक झाले, आणि मार्चात, ड्राफ्टच्या आधीच, कॅन्सस सिटीहून जो थुनी, लॉस एंजेलिसहून जोना जॅक्सन आणि अटलांटाहून ड्रू डॅलमन आणले. दोन गार्ड, एक सेंटर. या तिघांच्या स्वागताला नेपरव्हिलमध्ये एकाही घरी पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही. थुनीच्या बोटांत चार सुपर बोल अंगठ्या आहेत, तरी नाही.

मग आला तो गुरुवार. टेक्ससचा टॅकल केल्विन बँक्स नवव्या नंबरला, म्हणजे बेअर्सच्या नेमका आधी, न्यू ऑर्लिन्सने उचलला. दहाव्याला आपण मिशिगनचा टाइट एंड कोल्स्टन लवलँड घेतला आणि बेसमेंटांतून हलकल्लोळ उठला. दुसऱ्या फेरीत पुन्हा एक रिसीव्हर आणि मग 56 व्या नंबरला बोस्टन कॉलेजचा टॅकल ऑझी ट्रापिलो. यजमानीणबाई म्हणाल्या, "हा कोण?" तरी बरं, नोव्हेंबरात लवलँडने सिनसिनाटीविरुद्ध शेवटच्या अर्ध्या मिनिटात टचडाउन करून सामना खेचून आणला. त्या रात्री हळदीकुंकवाला आलेल्या यच्चयावत बायकांना, आम्ही तर म्हणतच होतो, असं आठवलं.

हंगाम संपला तेव्हा बेअर्स 11 सामने जिंकून विभागात पहिले होते, आणि केलेबच्या सॅक निम्म्याहूनही खाली आल्या होत्या. एक्सेल शीटवाले श्रेय देतात ते रिसीव्हरांना आणि बेन जॉन्सनच्या क्लृप्त्यांना. डॅलमनचं नाव त्यांच्या तोंडी येत नाही.

तेव्हा पुढच्या एप्रिलात तुमच्या घरी कुणी जावई, भाचा किंवा ओटी घ्यायला आलेली वहिनी ड्राफ्टवर अधिकारवाणीने बोलायला लागली, तर तिला मध्येच थांबवून एवढंच विचारा, "आपला सेंटर कोण हो?" नाव चटकन आलं तर पन्ह्याचा दुसरा पेला द्या आणि ऐकून घ्या. नाही आलं तर सरळ डाळ वाढायला उठा.