सूचक तात्या, अनुमोदक टीव्ही

आमच्या गावचे तात्या राजकारणात मुरलेले आहेत. निवडणूक अमेरिकेतली असली, तरी कुठल्या राज्यात कुणाचं पारडं जड, हे ते बोटांवर मोजून सांगतात. दिल्लीतला मंत्रिमंडळविस्तार आधी त्यांच्या ओसरीवर होतो. असा माणूस ग्रामसभेला फिरकत नाही, अशी कुरकुर काहीजण करतात. क्षुद्र लोक! राष्ट्राचा भार वाहणाऱ्याने गटारीकडे कधी बघायचं?

तशी सोय नियमातच आहे. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी तेवढी माणसं लागतात. म्हणजे बाराशे मतदारांच्या गावात शंभर डोकी जमली की भागलं. पण 15 ऑगस्टला झेंडावंदन उरकून जिलबी वाटली, की ही शंभर डोकी कुठे गडप होतात ते पोलिसांनाही सांगता यायचं नाही. मग सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! हा नियम लिहिणाऱ्याला आपण सगळे पुरते कळलो होतो.

तहकूब सभा एकदा पाहावीच. सरपंच, ग्रामसेवक (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, खुर्ची तीच), दोन सदस्य आणि सहज आलेला ठेकेदार. नोटीस रीतसर लावलेली असते, दाराच्या आतल्या अंगाला. दार उघडं असलं की ती भिंतीकडे तोंड करून असते. मागील इतिवृत्त कायम, जमाखर्चाला मंजुरी, घरकुलाचे लाभार्थी, असं भराभर होत शेवटी येतात 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. गाव खरं चालतं ते या ओळीवर. काय मंजूर करायचं ते तिथे मावतं आणि सगळं सर्वानुमते होतं. विरोधाला माणूसच नसला की एकमताला वेळ लागत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने मात्र नसता व्याप ओढवून घेतला. तिथे सगळं गाव एकत्र बसतं आणि एकमत होईपर्यंत निर्णयच घेत नाही. परिणाम काय? जंगलावरचा सामूहिक वनहक्क गळ्यात पडला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश थेट गावात आले. आता बसा बांबूच्या पैशाचा हिशेब करत! तात्यांना असली झंझट नाही.

परवा मात्र पावसाचं पाणी तात्यांच्या ओसरीवर चढलं. ते तणतणत पंचायतीत गेले, तर कळलं, त्यांच्या दारापुढची गटार गेल्याच वर्षी पूर्ण झाली आहे. ठराव मंजूर, बिल अदा. सूचक म्हणून खुद्द तात्यांचं नाव, शेजारी त्यांचीच लफ्फेदार सही. शिपाई सह्यांचं रजिस्टर घेऊन आला, तेव्हा टीव्हीवर निकालाचे कल येत होते. तात्यांनी पडद्यावरची नजर न हलवता सही ठोकली होती.

मी म्हटलं, "तात्या, माहितीचा अधिकार आहे. 2005 चा कायदा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. मोजमाप पुस्तिका मागा, बिलं मागा."

तात्यांना पटलं. अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. मागितली फक्त ठरावाची साक्षांकित प्रत.

"आणि बिलं?" मी विचारलं.

"ती कशाला?" तात्या म्हणाले. "सूचक म्हणून नाव आलंय, ग्रुपवर टाकायला नको?"