ऐकायला कुणी नसताना

योहान सेबास्टियन बाखने १७२२ साली, क्योथेनच्या दरबारी नोकरीत असताना, चोवीस प्रेल्यूड आणि चोवीस फ्यूग एका वहीत नीटस अक्षरात उतरवून काढले आणि ते कुणासाठी आहेत हेही मुखपृष्ठावर लिहून ठेवलं. शिकण्याची हौस असलेल्या तरुणांच्या उपयोगासाठी, आणि जे यात आधीच तरबेज झालेत त्यांच्या विरंगुळ्यासाठी. बस्स. श्रोत्यांचा त्यात उल्लेखही नाही. बाराही सुरांना आधार मानून प्रत्येकावर एक मेजर आणि एक मायनर अशी जोडी, वीसेक वर्षांनी आणखी चोवीस जोड्या, आणि हा एवढा पसारा एकट्याने, आपल्याशी, दार लोटून वाजवण्यासाठी. खोलीत ऐकायला कुणी असलंच तर त्याने ती आपली पुण्याई समजावी. मला त्या मुखपृष्ठाचं नेहमी हसू येतं. गेली नव्वद वर्षं जगातले मोठमोठे पियानोवादक हा विरंगुळा माइकसमोर बसून करत आले आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून कुणालाही वाटणार नाही की माणूस मन रमवतो आहे.

बरं, पियानो तरी बाखच्या मनात कुठे होता? फ्लोरेन्समध्ये क्रिस्तोफोरीने १७००च्या सुमारास तो बनवला होता खरा, पण क्योथेनमधल्या बोटांखाली असायचे हार्प्सिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड. पुढे झिल्बरमानने केलेला पियानो बाखने वाजवून पाहिला आणि वरचे सूर अशक्त आहेत, पट्ट्या जड जातात, असं तोंडावर सांगितलं. कारागीर बिचारा बरेच दिवस घुश्शात होता, पण घुश्शातच त्याने वाद्य सुधारलं, आणि मग बाखने पसंतीची मान हलवली. म्हणजे आज ज्या वाद्यावर आपण त्याचे फ्यूग वाजवतो त्याच्या पणजोबाला त्याने आधी नापास केलं होतं. शिवाय किती वेगात वाजवायचं, कुठे हळू, कुठे जोरात, याबद्दल वहीत जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. एवढी मोकळीक माणसाला सोसत नाही. १८३७मध्ये चेर्नीने आपल्या आवृत्तीत वेगाच्या आणि चढउताराच्या खुणांची नुसती पखरण केली. त्याआधी श्वेंके नावाच्या गृहस्थाला पहिल्याच प्रेल्यूडमध्ये खालचा सूर एका जागी फारच अवघड उडी मारतो असं वाटलं, म्हणून त्याने मध्ये स्वतःचा एक बार घालून पायरी करून दिली. गुनोने आपलं प्रसिद्ध आव्हे मारिया याच प्रेल्यूडवर रचलं, ते या पायरीसकट. जगभरच्या लग्नांत आणि मयतांत डोळ्यांत पाणी आणणाऱ्या त्या सुरावटीत बाखने न लिहिलेला एक बार आजही निर्धास्त राहतो आहे, आणि डोळ्यांतलं पाणी काही तेवढ्यापुरतं थांबत नाही.

प्रेल्यूडबरोबर कुणाचंही जमतं. खरी ओळख लागते ती फ्यूगशी. एक आवाज एकटाच एक छोटं वाक्य बोलतो. ते संपतं न संपतं तोच दुसरा तेच वाक्य जरा वरच्या किंवा खालच्या सुरात बोलू लागतो, मग तिसरा, मग चौथा, आणि आधीचे गप्प बसत नाहीत. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत गेलेल्या कुणालाही हा प्रकार नवा नाही. पाण्याच्या टाकीबद्दल जोशींनी जे सांगितलं तेच मागच्या रांगेतून कुणीतरी आवाज चढवून सांगतं, जणू त्यालाच ते आत्ता सुचलंय. फरक एवढाच की बाखच्या सभेत सगळे एकदम बोलत असूनही प्रत्येकाचं ऐकू येतं, आणि शेवटी ठराव एकमताने मंजूर होतो. पहिल्या वहीतला सी मेजरमधला फ्यूग उणापुरा सत्तावीस बारांचा, पण त्यात ते वाक्य चोवीस वेळा येतं. एकाचं संपत नाही तोच दुसरा त्यात शिरतो. आणि हे चारही सभासद वाजवणाऱ्याच्या दोनच हातांत राहतात. मधल्या आवाजांची तर घर नसलेल्या माणसांसारखी गत. आत्ता उजव्या हाताच्या अंगठ्यात मुक्काम, पुढच्या बारात डाव्याच्या तर्जनीत.

पुण्यात कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात मी ज्यांच्याकडे शिकलो त्या गोव्याच्या होत्या, आणि सगळे त्यांना मिस म्हणत. या बेघर आवाजांबद्दल त्यांना अपार माया. तीन आवाज वाजवायचे आणि चौथा गळ्याने गायचा, अशी त्यांची शिस्त. वरचा आवाज कुणीही गाईल, म्हणून त्या हटकून टेनर गायला लावत. आता टेनर हा असा प्राणी आहे की त्याला एकट्याने गाठलं तर त्याला स्वतःलाही चाल सांगता येत नाही. दोन सूर वर, मग लांबलचक विश्रांती, मग एकाच सुरावर ताटकळत उभं राहणं. घरी मी हा सराव करू लागलो तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "पियानो चांगला वाजवतो हो तुमचा मुलगा, पण मधूनच त्याला काय होतं?" पेडलवर माझा पाय गेला की मिस आपली काठी तिथे आडवी धरत. पेडलने सगळे सूर एकमेकांत मिसळतात, आणि चार माणसांचं बोलणं म्हणजे चार माणसांचा गलका होतो. पुढे पियानोवादक आंद्राश शिफने या अठ्ठेचाळीसही जोड्या पेडलला पाय न लावता ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा मला ती काठी आठवली.

पेडल नको म्हणणाऱ्यांचीही एके जागी पंचाईत होते. पहिल्या वहीतला ए मायनरमधला फ्यूग संपत आला की सगळ्यात खालचा एक सूर बारामागून बार धरून ठेवायचा असतो, आणि वर चौघांचं बोलणं चालूच. इथे बोटं कमी पडतात. उरलेली मोजून पाहिली तरी कमीच पडतात. एकतर बाखला तिसरा हात होता, किंवा ते लिहिताना त्याच्या पायाखाली ऑर्गनच्या पट्ट्या होत्या.

ही सगळी जोखीम सांभाळत अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस जोड्या पियानोवर पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केल्या एडविन फिशरने, १९३३ ते १९३६ या काळात, लंडनला. तेव्हा आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जाई आणि एका बाजूवर साडेचार मिनिटांच्या आसपासच जागा असे. बोट घसरलं तर ते कापून काढायची सोय नाही. एक तर सगळं पहिल्यापासून, नाहीतर घसरलेल्या बोटासकट आयुष्यभर. फिशरच्या तबकड्यांत चुकार सूर भेटतात, आणि मला ते आवडतात. फुलांनी बहरलेल्या फांदीवरून एखादा मुंगळा जावा, आणि त्यामुळे फुलं खरी आहेत याची खात्री पटावी, तसं काहीसं.

मग टेप आली आणि ग्लेन गूल्ड आला. वडिलांनी पाय कापून दिलेल्या, जमिनीपासून जेमतेम चौदा इंच उंच खुर्चीत बसून तो वाजवी आणि वाजवता वाजवता गुणगुणे. ते गुणगुणणं अभियंत्यांना शेवटपर्यंत पुसता आलं नाही. लोक त्याला विक्षिप्तपणा म्हणतात. मला वाटतं, त्याच्याही लहानपणी कुणीतरी त्याला टेनर गायला लावलं असावं. १९६४मध्ये त्याने जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओचं दार लावून घेतलं. तोच तो ए मायनरचा फ्यूग त्याने तिथे अनेकदा वाजवला, त्यांतले सहावा आणि आठवा टेक निवडले, आणि काही आठवड्यांनी ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं की एक फारच करडा आहे आणि दुसरा फारच उल्हसित. वेग मात्र जवळजवळ सारखा. मग कात्री घेऊन त्याने सुरुवात आणि शेवट करड्याचा ठेवला आणि मधला भाग उल्हसिताचा जोडला. हे त्याने लपवलं नाही, उलट १९६६मध्ये लेख लिहून अभिमानाने सांगितलं. शुद्धतेच्या कैवाऱ्यांना ही फसवणूक वाटली. मला त्यात वावगं दिसत नाही. सकाळी करडा आणि संध्याकाळी उल्हसित असा एकच माणूस प्रत्येक घरात असतो. गूल्डने त्या दोघांना एका फ्यूगमध्ये बसवलं, एवढंच.

हल्ली हे स्टुडिओचं सुख मोबाइलने कुणाच्याही दारात आणून ठेवलं आहे. मी पंखा बंद करतो, खिडकी लावतो, फोन पियानोच्या झाकणावर उभा करतो. तो लाल ठिपका दिसला की कालपर्यंत मोकळी असलेली बोटं एकदम शहाण्यासारखी वागू लागतात, आणि शहाणपणाने फ्यूग वाजत नाही. खोलीत कुणीही नसतं, तरी कुणीतरी आहे असं वाटत राहतं. विरंगुळा संपतो तो नेमका इथे. माझ्याकडे एका मे महिन्यातलं ध्वनिमुद्रण आहे. सगळे आवाज आपापल्या जागी पोहोचले आहेत, आणि शेवटच्या शांततेआधी बाहेरच्या आंब्यावरून कोकीळ पाचवा प्रवेश करतो, विषय न पाळता आणि भलत्याच पट्टीत. ते मी पुसलेलं नाही. माझ्या वाजवण्यापेक्षा तेच लोकांना जास्त आवडतं.

ऐकायला कुणी नसताना वाजत राहण्याची कमाल मात्र आकाशात चालू आहे. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली, सोबत सुईसुद्धा. तीत दुसऱ्या वहीतला सी मेजरचा प्रेल्यूड आणि फ्यूग गूल्डच्या हातचा आहे, आणि त्याच तबकडीवर आपल्या सूरश्री केसरबाई केरकर भैरवी गात आहेत, 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या केरीत जन्मलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांकडे घोटून घोटून शिकलेल्या केसरबाईंची साडेतीन मिनिटं. त्यांतलं एक यान निघालं त्याच सप्टेंबरात त्या गेल्या. मैफलीला कंटाळून दार लावून घेतलेला टोरांटोचा एक माणूस आणि मैफलीत कुणाची गय न करणाऱ्या या बाई एकाच तबकडीत शेजारी राहायला आल्या. त्याचं गुणगुणणं त्यांनी कितपत चालवून घेतलं असतं, याची मला काळजी वाटते.

बाखकडून ती पहिली वही प्रत्यक्ष ऐकली ती गर्बर नावाच्या त्याच्या एका विद्यार्थ्याने, लाइप्झिगमध्ये. एकदा नव्हे, अख्खी वही तीनदा. गर्बरच्या मुलाने पुढे ही हकिगत छापली. आज शिकवायची इच्छा नाही, असं निमित्त सांगून बाख आपल्या एखाद्या उत्तम वाद्यापाशी जाऊन बसे आणि तासांची मिनिटं होऊन जात. घरात पोरांचा दंगा असणारच, समोर श्रोता एकच, आणि तोही फी भरून शिकायला आलेला. आयुष्यातले सगळ्यात सुखाचे तास कोणते, तर हे, असं गर्बर म्हणत असे.

मिसना ही गोष्ट मी एकदा फार रंगवून सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "म्हणजे आज तुझी प्रॅक्टिस झालेली नाही. चल, टेनर गा."